हेडसरांच्या पश्चात : खाडीकाठच्या एका शाळेचे प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यातली, खाडीच्या काठावरची ही अनुदानित माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावीचे वर्ग. मुले गावातल्या सात वाड्यांतून आणि खाडीपलीकडच्या दोन गावांतून येतात. संस्था गावाची, पण कारभाराची टोके दोन : कार्यकारिणी गावात, मुंबई कमिटी परळ-दादर भागात. सभा वेगळ्या होतात आणि निरोप बहुधा फोनवरून जातात. ज्यांच्याबद्दल हे प्रकरण आहे ते सर सत्तरच्या दशकात गणित-विज्ञानाचे शिक्षक म्हणून रुजू झाले, बावीस वर्षे मुख्याध्यापक होते, नियमाप्रमाणे ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यानंतरही शेवटच्या आजारपणापर्यंत रोज सकाळी शाळेत येत राहिले. त्यांच्यामागून तीन मुख्याध्यापक झाले, तरी गावात हेडसर म्हटले की तेच. शाळेचे आणि सरांचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही.

सर आषाढात, भर पावसात गेले. शाळेने मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एक सुट्टी वापरली, दुसऱ्या दिवशी परिपाठात मुलांना साध्या शब्दांत सांगितले आणि तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा घेतली. इथवर सगळे रीतीप्रमाणे झाले. त्यापुढच्या दहा महिन्यांत जे घडले ते सविस्तर मांडायचे कारण असे की कोकणातल्या पुष्कळ शाळांवर ही वेळ येते आहे. साठ-सत्तरच्या दशकांत गावोगाव हायस्कुले निघाली. ती उभी करणारी शिक्षकांची पिढी आता एकेक करून जाते आहे.

पैसा आधी आला, हेतू मागून

सर गेल्याच्या चौथ्या दिवशी माजी विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्धपुतळ्याचा प्रस्ताव आला आणि त्याखालीच एकाचा वैयक्तिक यूपीआय क्रमांक. हेतू शंभर टक्के चांगला होता. दोन दिवसांत साठाहून अधिक जणांनी पैसे पाठवले. मग प्रश्न सुरू झाले : पावती कोण देणार, पुतळा झाला नाही तर पैशाचे काय, कमिटीला विचारले का? दुसऱ्या बॅचच्या ग्रुपवर तोवर वेगळे खाते फिरू लागले होते.

यातली अडचण कायद्याची आहे आणि ती आधी माहीत असायला हवी. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी नसलेल्या गटाने अशा कामासाठी लोकांकडून निधी गोळा करायचा तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी कलम ४१ क खाली घेतात तीच. शाळेची संस्था आधीच नोंदलेली असते, म्हणून सोपा मार्ग तिच्याच नावे स्वतंत्र बँक खाते उघडण्याचा. त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव, तीन सह्यांपैकी दोन आवश्यक अशी सूचना आणि छापील क्रमांकाचे पावतीपुस्तक एवढे पुरते. संस्थेला ८०जीची मान्यता असेल तर जुन्या कररचनेतल्या देणगीदाराला करसवलत मिळते, मात्र २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही. हे आवाहनातच लिहावे, नाहीतर मार्चमध्ये फोन सुरू होतात. मुद्दल कायम ठेवून फक्त व्याज वापरायचे असेल तर ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे देणगीदाराचे लेखी पत्र हवे. ते नसेल तर हिशेब तपासनीस ती रक्कम साध्या देणगीत धरतो आणि ती त्या वर्षाच्या खर्चाच्या हिशेबात येते.

या शाळेने आलेला प्रत्येक रुपया परत केला. कोणाला किती गेले याची यादी त्याच ग्रुपवर टाकली आणि ‘दिवाळीनंतर संस्थेच्या खात्यावर आवाहन होईल’ एवढेच कळवले. काही जण नाराज झाले. पण निधीवरून गावात दोन तट पडले असते तर पुढे कोणतेच काम उभे राहिले नसते, त्यामुळे पैसे परत करण्याचा निर्णय आमच्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत मोलाचा.

सर करत होते ती कामे

शोकसभेच्या शेवटी शाळेच्या शिपायाने उभे राहून विचारले, ‘यंदा एसटीचा अर्ज कोणी केला?’ कोणीच केला नव्हता. दर जूनमध्ये सर आगार व्यवस्थापकांना पत्र देत : कुठल्या वाडीच्या थांब्यावर किती मुले, पैकी मुली किती, शाळा सुटण्याची वेळ काय, वस्तीची गाडी किती वाजता सुटावी. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आणि मुलांना ६६.६७ टक्के सवलत, त्यामुळे पासधारकांचा आकडा आगाराच्या कागदावर वेळेत गेला नाही तर गाडीचे वेळापत्रक करताना मुले हिशेबात येतच नाहीत. त्या वर्षी संध्याकाळची गाडी आधी निघू लागली होती आणि वरच्या वाडीतल्या मुली पावसात चालत जात होत्या. का ते तोवर कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

या प्रश्नाने स्मरणाची दिशा बदलली. लिपिक, शिपाई, दोन ज्येष्ठ शिक्षक आणि सरांच्या पत्नी असे पाच जण बसले आणि सर निवृत्तीनंतरही करत असलेल्या कामांची यादी केली. रकाने पाच : काम, महिना, कोणाशी बोलावे लागते, कोणते कागद लागतात, राहून गेले तर काय होते. तीन बैठकांत एकतीस कामे निघाली. आधी सगळ्यांना वाटले होते सात-आठ असतील.

त्यातली काही इथे द्यायलाच हवीत. आठवीच्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवडलेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, पण अर्जाचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. मूल दहावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात गेले की शाळा त्याला विसरते, कॉलेजला ते माहीत नसते आणि अकरावी-बारावीचे २४,००० रुपये बुडतात. सर अशा मुलांची यादी ठेवून पावसाळा संपता संपता प्रत्येकाला फोन करत. आधार, बँक खाते आणि शाळेचे रजिस्टर या तिन्ही ठिकाणचे नाव अक्षरशः एक आहे का हेही तपासत, कारण वडिलांच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकाने पैसे अडकतात. नववी-दहावीत शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म भरायला लावणे हे दुसरे काम. जुलै-ऑगस्टमध्ये ते स्वतः घरी जाऊन विचारत.

तिसरे काम तर शाळेतल्या तरुण शिक्षकांना ठाऊकच नव्हते. दहावीचे वेळापत्रक जाहीर झाले की सर ते पंचांगाशेजारी ठेवून खाडीपलीकडच्या मुलांसाठी भरती-सुकतीचा तक्ता करत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. तृतीया-चतुर्थीला भरती दुपारी सव्वादोन ते तीनच्या सुमारास, म्हणजे सुकती सकाळी सव्वाआठ ते नऊ. नेमकी अकराच्या पेपरला निघायच्या वेळी होडी चिखलात बसलेली. अशा तारखांना मुलांनी पहाटेच खाडी ओलांडायची किंवा आदल्या रात्री गावात कोणाकडे राहायचे, हे सर पंधरा दिवस आधी ठरवत. दशमी-एकादशीला उलट अडचण : जाताना पाणी असते, पेपर सुटून परतताना नसते. हा हिशेब अंदाजाचा आहे आणि खाडीच्या आत पाणी उशिरा चढते, म्हणून सर तरीवाल्याशी बोलून त्यात गावचा फरक धरत. तो किती, हे त्यांनी कुठे लिहिले नव्हते. तरीवाल्याला विचारून आता लिहून घेतले आहे.

यादी झाल्यावर प्रत्येक कामापुढे एकेक नाव घातले. इथे एक गोष्ट फार जपून करावी लागली. सध्याच्या मुख्याध्यापकांना असे वाटू शकते की ही आपल्या न केलेल्या कामांची यादी आहे. प्रत्यक्षात शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), यू-डायस (शाळेची माहिती सरकारला भरून देणे), संच मान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी), पोषण आहार यांचे कागद आज जितके आहेत तितके सरांच्या काळी नव्हते, आणि सरांनी ही कामे निवृत्तीनंतरच्या मोकळ्या वेळात वाढवत नेली होती. म्हणून यादी मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या अध्यक्षतेखाली वाचली गेली आणि एकतीसपैकी केवळ सहा कामे शाळेकडे ठेवली. बाकीची माजी विद्यार्थ्यांकडे, पालकांकडे आणि दोन तरुण शिक्षकांकडे गेली. गेलेल्या माणसाच्या मोठेपणाने आज त्या खुर्चीवर बसलेल्याला लहान करणे हा स्मरणाच्या कामातला फार मोठा धोका आहे. अशा वेळी नवे मुख्याध्यापक गप्प होतात आणि शाळा थंड पडते.

कागद

पावसाळ्यात जुनी कपाटे उघडण्याचा मोह आवरावा. हवेत ओल असते, पाने एकमेकांना चिकटलेली असतात, ओढली की फाटतात. या शाळेने कागदांचे काम मार्गशीर्ष ते माघ या कोरड्या दिवसांत केले. भिजलेली वही उन्हात घालू नये, पाने वाकडी होतात. दर दहा-बारा पानांनंतर कोरा वर्तमानपत्री कागद घालून पंख्याखाली ठेवावी आणि कागद बदलत राहावे. काचेला चिकटलेला जुना ग्रुप फोटो सोडवू नये, काचेसकट स्कॅन करावा. फोटोसाठी ६०० डीपीआय, वह्यांसाठी ३०० पुरे. फोटोच्या मागे नावे लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, कारण बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. कपाट जांभ्याच्या भिंतीला टेकवू नये. अर्धा फूट मोकळे ठेवले तर वाळवी वेळीच दिसते.

कुठले कागद? बहुतेकजण सत्काराचे फोटो आणि मानपत्रे शोधतात. त्यांतून फारसे काही हाती येत नाही. खरा ऐवज चार ठिकाणी असतो : जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), सूचनावही, शेरेबुक आणि मस्टर (शिक्षकांचे हजेरीपत्रक). सूचनावहीत सरांच्या हातची बावीस वर्षांची रोजची वाक्ये होती. ‘पावसामुळे पलीकडच्या मुलांना चौथ्या तासानंतर सोडावे’, ‘आठवी ब मधील पट का घटला ते वर्गशिक्षकांनी घरी जाऊन पाहावे’. तपासणी अधिकाऱ्यांच्या शेरेबुकात तक्रारीही होत्या आणि त्या गाळल्या नाहीत.

जनरल रजिस्टरने तर एक विसरलेला काळ समोर आणला. १८ जानेवारी १९८२ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्यानंतरच्या महिन्यांत परळ, लालबाग, शिवडीच्या शाळांतून इथे आलेल्या मुलांच्या नोंदी वर्षाच्या मधल्या तारखांना, ओळीने दिसतात. काही नोंदींपुढे दाखल्याचा क्रमांक कोरा आहे. दाखला यायच्या आधीच मुलाला वर्गात बसवले गेले. सर तेव्हा मुख्याध्यापक नव्हते, पण त्या पानांवरचे बरेचसे अक्षर त्यांचे आहे. या मुलांपैकी अकरा जण शोधून सापडले आणि पुढे सरांवर काढलेल्या स्मरणिकेतला सर्वांत भक्कम भाग त्यांच्याकडून आला.

कागदांमुळे दंतकथाही तपासता आल्या. ‘सरांनी कधी रजा घेतली नाही’ हे शोकसभेत चौघांनी सांगितले होते. मस्टरमध्ये रजा आहेत, वडिलांच्या आजारपणात तर सलग आहेत. स्मरणिकेतून ते वाक्य काढले. खऱ्या माणसाला न शोभणारी थोरवी चिकटवली की पुढच्या पिढीतल्या शिक्षकाला ते उदाहरण आपल्यासाठी नाहीच असे वाटू लागते.

माणसे, आणि यादीतून गळलेल्या मुली

माजी विद्यार्थ्यांची पहिली यादी ग्रुपवरून झाली. ती बहुतांशी मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या पुरुषांची होती. रजिस्टरशी ताडून पाहिले तेव्हा लक्षात आले की जवळजवळ निम्म्या नोंदी मुलींच्या आहेत आणि यादीत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कारण उघड आहे : रजिस्टरवर माहेरचे नाव, फोनमध्ये सासरचे. शिवाय ‘बॅच’ची मैत्री टिकवणारे ग्रुप मुलग्यांनी काढलेले.

शोध उलट्या बाजूने घेतला. रजिस्टरमधील प्रत्येक मुलीच्या माहेरच्या घरी जाऊन भाऊ-भावजयीकडून सासरचे गाव, नाव, नंबर घेतला. वाडीवार काम आरोग्य खात्याच्या आशाताईंनी आणि बचत गटाच्या बायकांनी केले, कारण त्यांना दारात थांबावे लागत नाही. माहेरवाशिणी गौरीला येतात, तेव्हा एकाच आठवड्यात सर्वांत जास्त नावे मिळाली. फोन करताना आधी परवानगी विचारायची आणि नंबर ग्रुपवर टाकायचा नाही, हा नियम कडक ठेवला.

आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. पत्र्याच्या छपराखाली पावसात काहीही ऐकू येत नाही, माजघर किंवा कौलारू खोली बरी. पंखा बंद, फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, एका बैठकीला पंचवीस-तीस मिनिटे. फाईलचे नाव दहावीचे वर्ष आणि रजिस्टर क्रमांक असे ठेवले. आडनावाने ठेवले की गोंधळ होतो, एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरे असतात.

प्रश्न कसा विचारता यावर सगळे अवलंबून आहे. ‘सर कसे होते?’ याला सगळीकडून एकच उत्तर येते : शिस्तप्रिय, प्रेमळ, वडिलांसारखे. ‘तुमची परीक्षा फी कोणी भरली?’, ‘शाळा सोडायचा विचार घरात कधी झाला होता?’, ‘सर तुमच्या घरी आले तेव्हा कुठे बसले?’ या प्रश्नांना उत्तर देताना माणूस आधी थांबतो, मग बोलतो. सालाचा घोळ सोडवायला बाहेरच्या घटनांच्या खुणा उपयोगी पडल्या : १९७५ची दहावीची पहिली शालान्त परीक्षा, १९८१चा सिंधुदुर्ग जिल्हा, गिरणी संप, १९९८ची कोकण रेल्वे, २००५च्या जुलैचा महापूर, २००९चे फयान आणि २०२०चे निसर्ग ही चक्रीवादळे. ‘वादळाच्या आधी की नंतर?’ असे विचारले की साल हाती लागते.

छडीच्या आठवणीही आल्या. सर मारत असत. त्या काळी बहुतेक शिक्षक मारत. पुष्कळांनी ते कौतुकाने सांगितले. दोघांनी तसे सांगितले नाही. एकाची शाळा त्यानंतर सुटली होती. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शारीरिक शिक्षेला बंदी घातली, पण त्या कायद्याच्या कितीतरी आधी, मुख्याध्यापक झाल्यावर काही वर्षांनी, सरांनी स्वतः छडी बंद केल्याची सूचना सूचनावहीत आहे. संपादक मंडळाने तिन्ही गोष्टी छापल्या : कौतुक, दुखावलेपण आणि ती सूचना. सरांच्या घरच्यांना आधी वाचून दाखवले. त्यांनी एक शब्दही कमी करायला सांगितला नाही.

खिशातली वही

सरांच्या पत्नींनी पुस्तकांबरोबर एक लहान वही दिली. कोणाची फी भरली, कोणाला चपला, कोणाला चष्मा, कोणाच्या घरी तांदूळ, अशा तारीखवार नोंदी. पुढे क्वचित ‘परत’ असा शब्द. बहुतेक ठिकाणी काही नाही. वहीत नावे पूर्ण होती.

मुंबई कमिटीतल्या काहींना ही वही स्मरणिकेत जशीच्या तशी हवी होती, निदान काही पाने फोटोसकट. भावना समजण्यासारखी आहे, याहून बोलका पुरावा दुसरा नव्हता. पण वहीतली माणसे आज त्याच गावात राहतात. कोणी सरपंच झाले, कोणाच्या मुलींची लग्ने ठरताहेत. आपल्या बापाने कधी काळी तांदूळ घेतला होता हे त्यांना छापील पानावर भेटू नये. सरांनी हे आयुष्यभर कोणाला कळू दिले नाही, तेव्हा ते उघड करण्याचा हक्क स्मारक समितीला पोहोचत नाही.

तोडगा असा निघाला. दोन जणांनी वही वाचली, नावे न लिहिता केवळ कशासाठी आणि कुठल्या महिन्यात मदत लागली याची नोंद काढली आणि वही घरी परत केली. त्या नोंदीतून दोन काळ ठळक दिसले : जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जूनमध्ये छत्री, वह्या, पास. दुसऱ्या वेळी परीक्षेचे अर्ज आणि शुल्क. निधीतले पैसे कधी आणि कशासाठी हाती असायला हवेत, हे वहीनेच सांगितले. बक्षीस समारंभ जानेवारीत होतात, तेव्हा मुलाला त्या पैशाची गरज नसते.

निधीची रचना

आवाहन दिवाळीनंतर संस्थेच्या नावाने झाले. हेतू एका वाक्यात : दहावीपर्यंत कोणाही मुलाची शाळा पैशाअभावी सुटू नये. मुद्दल मुदत ठेवीत, खर्च व्याजातून.

अशा निधीत नेहमी चुकणारी गोष्ट म्हणजे बक्षिसाची ठरीव रक्कम. ५,००,००० रुपयांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५,००० येतात. तेवढे वाटून टाकायचे ठरवले आणि दर ५.५ टक्क्यांवर आला की हातात २७,५०० उरतात, मग कार्यकारिणी मुद्दलाला हात लावते. दर टिकला तरी वह्या-छत्र्यांचे भाव थांबत नाहीत. म्हणून नियम असा केला की व्याजातला १५ टक्के भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायचा आणि उरलेल्यात जेवढे बसेल तेवढेच द्यायचे. ३५,००० पैकी ५,२५० परत मुद्दलात, २९,७५० वापराला. ठेव एकाच मुदतीची न ठेवता तीन भागांत, तीन वेगवेगळ्या वर्षी पिकेल अशी ठेवली. एक भाग मेअखेरीस पिकतो, म्हणजे जूनला पैसे तयार.

निवड गुणांवर ठेवली नाही. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला गावात आधीच सात-आठ बक्षिसे मिळतात. वर्गशिक्षक, लिपिक आणि एक पालक-माता अशा तिघांनी नावे द्यायची, मुख्याध्यापकांनी सही करायची, नाव फलकावर लावायचे नाही. मोठ्या देणगीदारांपैकी एकाला मुलाबरोबर धनादेशाचा फोटो हवा होता; त्यांना हा नियम समजावून सांगितला आणि त्यांनी मान्य केला.

पुतळा, सभागृह की आणखी काही

खरा वाद इथे होता. मुंबई कमिटीला सभागृह हवे होते, काही बॅचना अर्धपुतळा. पुतळ्याला जिल्हा प्रशासनाची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता हे सोपस्कार आहेत. ब्राँझ खाऱ्या हवेत दरवर्षी पुसून मेण लावून जपावे लागते. स्वस्तातला फायबरचा पुतळा चार-पाच पावसाळ्यांत रंग सोडतो आणि मग ज्यांच्या प्रेमापोटी उभारला त्यांचाच अवमान होतो.

सभागृहाच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलणे झाले. निकाल पटाने लावला. एके काळी चारशेवर असलेला पट आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला आहे. गावातली तरुण जोडपी मुंबई-पुण्यात आहेत, मुले तिकडेच शिकतात. तीन खोल्या रिकाम्या असताना नवी इमारत बांधायची, तिचे कौल, रंग, गळती कोण पाहणार? लिपिकाने दहा वर्षांचा पट फळ्यावर लिहिला आणि चर्चा आपोआप खाली आली.

ठरले ते असे : रिकाम्या खोल्यांपैकी एकीत नववी-दहावीसाठी अभ्यासिका. सर पूर्वी रात्रीचा अभ्यास घेत, मुले शाळेतच झोपत. आज मुली अंधारात परतणार, वाटेत बिबट्याची भीती, म्हणून रात्रीचा हट्ट सोडला. शाळा सुटल्यापासून वस्तीच्या गाडीपर्यंत आणि परीक्षेआधी दोन महिने सकाळी. पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे इन्व्हर्टर अत्यावश्यक : २० वॉटच्या दिव्याच्या सहा नळ्या १२० वॉट, कमी विजेवर चालणारे तीन पंखे सुमारे १००, एकूण २२०. एकशे पन्नास अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, तूट धरून ११०० तरी हाती लागतात, म्हणजे पाच तास. बॅटरीतले डिस्टिल्ड वॉटर महिन्याला कोण पाहणार, त्याचे नाव बॅटरीवरच चिकटवले आहे. अशा देणगीच्या बॅटऱ्या बहुधा पाण्याविनाच मरतात.

खोलीच्या दाराशेजारी एक पाटी. जांभ्यात अक्षरे टिकत नाहीत, दगड सच्छिद्र आणि वर शेवाळ धरते. म्हणून काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरलेली अक्षरे, सोनेरी वर्ख नाही. बोल्ट साध्या लोखंडाचे असतील तर गंजून फुगतात आणि दगडाला तडा देतात. समुद्राजवळ ३०४ प्रतीचे स्टीलही डागाळते, ३१६ प्रतीचे घ्यावे. पाटी नैऋत्येच्या पावसाच्या माऱ्यात लावू नये. मजकूर तीन ओळींचा : पूर्ण नाव, सेवेची वर्षे, विषय. कोरणाऱ्याकडे मजकूर जाताना युनिकोडचा जुन्या टंकात बदल होतो आणि जोडाक्षरे मोडतात, विशेषतः ‘ऱ्या’ आणि ‘द्ध’. प्रत्यक्ष आकाराची कागदी प्रत मागवून मराठीच्या बाईंनी ती दोन वेगळ्या दिवशी वाचली आणि सही केली. दुसऱ्या वाचनात एक चूक सापडली.

स्मरणिका आणि तो दिवस

स्मरणिका १२८ पानांची, म्हणजे सोळा पानांचे आठ फॉर्मे, ७०० प्रती. बांधणी दोऱ्याची, नुसत्या डिंकाची बांधणी कोकणच्या ओलीत दोन पावसाळ्यांत सुटते. लेखकांना सूचना एकच : तीनशे शब्द, एक प्रसंग, साल आणि जागा लिहा, विशेषणे लिहू नका. आलेल्यांतले जवळपास निम्मे लेख परत पाठवावे लागले आणि बहुतेकांनी ते अधिक चांगले लिहून दिले.

तारखेवर महिनाभर खल झाला. गणपतीत सगळे गावी असतात पण घरोघरी पाहुणे आणि वर पाऊस. शिमग्यात दहावीची परीक्षा. मेच्या मध्यापासून लग्ने आणि आंब्याची घाई, गाड्या मिळत नाहीत. १ मेला शाळेत ध्वजवंदन आणि निकाल असतोच, तोच दिवस धरला. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणून तारीख जानेवारीतच कळवली आणि आरक्षण उघडायच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण दिली.

कार्यक्रम सव्वादोन तासांचा. बोलणारे नऊ, प्रत्येकी चार मिनिटे. शाल-श्रीफळ कोणालाही नाही, कारण अकरा सत्कार म्हटले तरी अर्धा तास जातो. पहिल्यांदा शिपाई बोलले. जेवण चारशे माणसांचे : तांदूळ ४० किलो, तूरडाळ १२ किलो, काळ्या वाटाण्यांची उसळ, सोलकढी ६० लिटर. नारळाचे दूध आगळात जेवणाच्या तासभर आधीच मिसळले, मेच्या उन्हात सकाळची सोलकढी दुपारी फुटते. विहिरी तळाला गेलेल्या, म्हणून पाण्याचा टँकर आदल्या संध्याकाळी.

वर्षानंतरची स्थिती

पुढच्या जूनमध्ये आगाराचा अर्ज पहिल्या आठवड्यात गेला आणि संध्याकाळची गाडी जुन्या वेळेवर आली. निधीतून जूनमध्ये नऊ मुलांना आणि ऑक्टोबरमध्ये सहा जणांना मदत झाली. भरती-सुकतीचा तक्ता दहावीच्या एका मुलीने विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर केला. अभ्यासिकेत मुली नियमित येतात, मुलगे कमी. त्यांच्या क्रिकेटच्या वेळेशी टक्कर होते, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

एकतीसपैकी पंचवीस कामे चालू आहेत. १७ नंबरच्या फॉर्मसाठी घरोघरी जाणे हे काम ज्यांनी घेतले होते त्यांची बदली झाली आणि ते रिकामे पडले आहे. एनएमएमएसच्या जुन्या मुलांना फोन करायचे काम मुंबईतल्या एका माजी विद्यार्थिनीने उचलले आहे. उरलेल्या कामांसाठी नावे हवी आहेत. यादी मुख्याध्यापकांच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावलेली आहे आणि रिकाम्या रकान्यात पेन्सिलीने नाव लिहिता येते.